क्लॅमिडिया बरा झाल्यावर योनिमार्गाची प्रतिकारशक्ती पूर्ववत होते का?

निशिगंध:
माझे वय 22 आहे. मला कसलाही त्रास नसताना, वेगळ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत क्लॅमिडिया (लैंगिक संबंधातून होणारा जिवाणूसंसर्ग) निघाला. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा सात दिवसांचा कोर्स मी पूर्ण केला, परंतु आता अंगावर पांढरे जाते आणि त्याला मासळीसारखा वास येतो. एकदा संसर्ग झाला की पुढे संरक्षण मिळते, की तिथली प्रतिकारशक्ती उलट खालावते? घरी विचारण्याची सोय नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

सूक्ष्मदर्शी:
संरक्षण मिळाले असे कृपया धरून चालू नका. क्लॅमिडियाविरुद्धची प्रतिकारशक्ती अपुरी आणि अल्पजीवी असते, त्यामुळे पुन्हा लागण होणे सर्रास आढळते. तरुण वयात गर्भाशयमुखाच्या आतले एकपदरी, नाजूक अस्तर पुष्कळदा बाहेरच्या बाजूस आलेले असते आणि हे जंतू नेमके त्याच पेशींत शिरतात. लक्षणे नसली तरी तिथे दाह चालू राहू शकतो आणि बचावासाठी सीडी4 या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात. दुर्दैवाने एचआयव्ही ज्यांच्यात शिरतो, त्या याच पेशी. दक्षिण आफ्रिकेतील कॅप्रिसा या एड्स संशोधन केंद्राच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले, की ज्या स्त्रियांच्या जननमार्गात असा दाह आधीपासून होता, त्यांना एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता तिपटीहून अधिक होती.

तुम्ही सांगता त्या वासावरून मात्र मला बॅक्टेरियल व्हजायनोसिसची, म्हणजे योनिमार्गातील जिवाणूंचा समतोल बिघडल्याची, शंका येते. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून सामू (पीएच) साधारण 4.5 च्या खाली, म्हणजे आम्लधर्मी ठेवतात. ते घटले की गार्डनेरेला, प्रिव्होटेला यांसारखे जिवाणू माजतात. डरबनजवळच्या उमलाझी येथे 18 ते 23 वर्षांच्या तरुणींचा अभ्यास झाला (2017). त्यात लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस या त्यांच्यातल्याच एका जातीचे प्राबल्य असलेल्या तरुणींच्या तुलनेत लॅक्टोबॅसिलस कमी असलेल्यांना एचआयव्हीची लागण चौपटीहून अधिक प्रमाणात झाली. ही घडी पुन्हा बसू शकते, मात्र आधी स्रावाची तपासणी व्हायला हवी.

आरोग्यसेविका:
ताई, पांढरे जाणे म्हणजे बायकांचे नेहमीचेच, असे म्हणून आपल्याकडे फार दुखणी अंगावर काढली जातात. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या, 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 650 पैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. म्हणून दुकानातून गोळ्या आणू नका. जिल्हा रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी दवाखान्यात, जा. तिथे तपासणी विनामूल्य होते आणि नाव गुप्त ठेवतात. योनिमार्ग आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने अजिबात धुऊ नका, कारण त्याने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात. आणि एक विचारते, जोडीदाराने औषध घेतले का?

निशिगंध:
नाही. त्याला काहीच त्रास नाही, म्हणून तो तयार होत नाही.

सूक्ष्मदर्शी:
तुम्हालाही त्रास नव्हता, हे त्याला सांगा. त्याचे उपचार पूर्ण होऊन सात दिवस उलटेपर्यंत संबंध टाळा आणि तुमची क्लॅमिडियाची फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी करून घ्या. स्रावाच्या तपासणीत व्हजायनोसिस निघाला, तर त्यासाठीही जोडीदाराच्या उपचारांबद्दल डॉक्टरांना विचारा: 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत दोघांनाही औषध दिल्यावर बारा आठवड्यांत 35 टक्के स्त्रियांना तो पुन्हा झाला, तर फक्त स्त्रीला दिल्यावर 63 टक्क्यांना.