मदत हवी आहे: पालेर्मोत (सिसिली) आई-बाबांसोबत पाच रात्री, काय ठेवू आणि काय गाळू?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा ऑक्टोबरात पुण्याहून माझ्याकडे यूट्रेख्टला (नेदरलँड्स) येतायत. इथला पाऊस पाहून झाला की तिघं मिळून पाच रात्री पालेर्मोला जायचं ठरलंय. विमानाची तिकिटं काढलीत, मुक्काम जुन्या शहरातल्या क्वात्रो कांती चौकाजवळ आहे. (पहिला मजला, लिफ्ट नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.)

बाबा ७२ वर्षांचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक, चालायला माझ्यापेक्षा खडखडीत. आई ६७. सपाटीवर तासभर आरामात चालते, पण जिना उतरायचा म्हटलं की गुडघे धरून बसते. त्यात तारखा नेमक्या नवरात्रात आल्यात आणि तिचे नऊही दिवस उपास. एरवीही आम्ही तिघं पक्के शाकाहारी, अंडं चालतं ते फक्त मला.

बाबांना सध्या दुसऱ्या रॉजरचं वेड लागलंय. सिसिलीचा नॉर्मन राजा, ११३० साली राज्याभिषेक, दरबारात लॅटिन, ग्रीक, अरबी तिन्ही चालायच्या, आणि अल-इद्रिसी या भूगोलतज्ज्ञाकडून त्याने ११५४ मध्ये जगाचा नकाशा करून घेतला त्यात दक्षिण वरती! हे सगळं मला व्हिडिओ कॉलवर तीनदा ऐकवून झालंय. त्यामुळे राजवाड्यातलं पॅलेटाइन चॅपल, आणि जवळची मोनरेआले आणि चेफालू ही गावं, अशी तीन ठिकाणं पक्की. बाबांना शिवाय अग्रिजेंतोची ग्रीक देवळं हवीत आणि मला एटना ज्वालामुखी.

गाडी भाड्याने घेऊ का? अग्रिजेंतो आईला झेपेल का? आणि उपासाला तिथे काय मिळेल? कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

दोन वर्षं कामानिमित्त पालेर्मोत होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

एटना गाळा. तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला. कातानियापर्यंतच बसने अडीच-तीन तास, डोंगर त्याच्या पुढे. गाडीही नको. जुन्या शहरात वाहनांना निर्बंध असलेला भाग आहे, चुकून शिरलात तर दंडाचं पत्र थेट यूट्रेख्टला येईल. तुमच्या यादीतलं बाकी सगळं बस आणि रेल्वेने होतं.

चॅपलसाठी बाबांना छोटी दुर्बीण द्या. लोक भिंतींवरचं सोनेरी मोझॅक (बारीक तुकडे जोडून केलेली चित्रं) बघून बाहेर पडतात आणि छत राहून जातं. लाकडी आहे, मधाच्या पोळ्यासारखं कोरलेलं, आणि त्यावर इस्लामी शैलीतली रंगीत चित्रं: वादक, पेला घेऊन बसलेले लोक, बुद्धिबळ खेळणारी जोडी. ख्रिस्ती राजाच्या खासगी प्रार्थनागृहात! खालून साध्या डोळ्यांना नुसते ठिपके दिसतात. चॅपल वरच्या मजल्यावर आहे, पायऱ्या रुंद आहेत, तरी तिकीट खिडकीवर लिफ्टची चौकशी करा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तो दिवस टाळा.

कॅथीड्रलमध्ये रॉजरची कबर आहेच, पण आत जाण्याआधी दक्षिणेकडच्या पोर्चमध्ये डावीकडचा खांब बघा. त्यावर कुराणातली आयत कोरलेली आहे. आणि वेळ उरला तर झिझा महाल. तिथे ११४९ सालचा एक शिलालेख आहे: एका पाद्र्याने आईच्या स्मरणार्थ करवून घेतलेला, हिब्रू, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा चार लिपींत. इतिहासाच्या मास्तरांना तिथून ओढूनच बाहेर काढावं लागेल.

मोनरेआलेची ३८९ नंबरची बस राजवाड्याजवळच्या पियात्सा इंदिपेंदेन्सातून सुटते. तिथल्या कॅथीड्रलमध्ये सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझॅक आहे, मान अवघडते. आईंना शेजारच्या मठाच्या अंगणात बसवा. कडेने जोडीजोडीने उभे २२८ खांब, कोरीव काम निरनिराळं, कोपऱ्यात कारंजं. कॅथीड्रलच्या गच्चीवर मात्र त्यांना नेऊ नका, जिने अरुंद आहेत.

चेफालूला रेल्वेने साधारण तास लागतो. जाताना डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनमध्ये शिक्का मारायला विसरू नका. गावामागचा कडा २७० मीटरचा आहे, बाबा हट्ट धरतील, तुम्ही ऐकू नका.

धागाकर्ती

बापरे, खूप आभार! एटना गेला. दुर्बीण आजच शोधते. पण अग्रिजेंतो? आणि उपास?

प्रतिसाद २

अगं, आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यांचेही गुडघे असेच. अग्रिजेंतो जमतं, फक्त पालेर्मोहून रेल्वेने दोन तास धर आणि स्टेशनवरून टॅक्सीने वरच्या, जूनोच्या देवळाकडच्या दारापाशी उतर. तिथून कॉन्कॉर्डियाच्या देवळाकडे रस्ता हलक्या उताराचा आहे. उलट गेलीस तर सगळा चढ. सावली जवळपास नाही, टोपी आणि पाणी घे. पण खरं सांगू? पाच रात्री म्हणजे सहा दिवस, त्यात एक येण्याचा, एक जाण्याचा. मी असते तर बाबांना एकट्याला पाठवलं असतं आणि आईला बालारोच्या बाजारात नेलं असतं.

खाण्याचं. पानेल्ले म्हणजे चण्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून देतात. बाबांना जाम आवडतील. आईला उपासाला चालणार नाहीत, आणि बटाट्याचे क्रोके दिसले म्हणून खूश होऊ नकोस, बहुधा त्याच कढईत तळतात. स्फिंचोने पिझ्झासारखा दिसतो, त्यात अँचोव्ही मासा असतो. बटरवाल्या आरांचिनात (भाताचा तळलेला गोळा) हॅम, म्हणजे डुकराचं मांस असतं, नाव ऐकून फसू नका. कानोली या गोड पदार्थाच्या वेष्टनात चरबी वापरतात का ते आधी विचार.

उपासाला: साबुदाणा आणि दाण्याचं कूट बरोबर ने, खोलीत स्वयंपाकघर आहे ना? बाजारात डाळिंबं असतात, आणि फिकी दिंदिया, म्हणजे शब्दशः 'हिंदुस्थानी अंजिरं'. ती आपल्या फड्या निवडुंगाची बोंडं! सोलूनच माग. आमच्या सासूबाई गाडीवरच्या माणसाशी मराठीत हुज्जत घालत होत्या की हे आमच्या बांधावर फुकट मिळतं.

आणि चालून कंटाळलात तर चौकात रंगवलेल्या आपे रिक्षा उभ्या असतात. हो, आपलीच आपे, बारामतीत कारखाना असलेल्या पियाजिओची. भाव आधी ठरव.

धागाकर्ती

स्वयंपाकघर आहे, एक शेगडी. ठरलं मग: अग्रिजेंतोला बाबा एकटे, आम्ही दोघी बालारोत. पहिल्या मजल्याचं आज आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "कठडा कुठल्या बाजूला आहे?" घरमालकांना विचारलंय, अजून उत्तर नाही.