सायलेन्सर पोकळ करू नका
यामाहा आरएक्स १०० या मोटारसायकलचा सायलेन्सर पोकळ केला, म्हणजे आतले भाग काढून टाकले, की ताकद वाढते, असं काहीजण म्हणतात. पटत नाही. टू-स्ट्रोक गाडीत (पिस्टनच्या दर वर-खाली फेरीला पेट्रोल जाळणारं इंजिन) सायलेन्सर म्हणजे अर्धं इंजिनच. त्याच्या निमुळत्या टोकावरून परत फिरणारी दाबाची लाट एक्झॉस्ट पोर्टमधून (सिलिंडरमधला धूर बाहेर जाण्याचं भोक) निसटू पाहणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. आतलं काढलंत तर आवाज तेवढा वाढेल, अ‍ॅव्हरेज मात्र बोंबलेल.

साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात माझी गाडी दम टाकायची. मेकॅनिक म्हणाला, बोअर करा, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा पिस्टन टाका. मी नुसता पोर्टमधला आणि बफलवरचा (सायलेन्सरमधली आवाज कमी करणारी नळी) कार्बन खरवडला (पिस्टन पूर्ण खाली घेऊन, लाकडी पट्टीनं, स्क्रू-ड्रायव्हर घालू नका राव). एवढ्यावर भागलं.

कार्बन काढूनही गाडी दम टाकत असेल आणि इंजिन तापत असेल तर मॅग्नेटकडचं (वीज तयार करणारा भाग असतो ती बाजू) क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं, ऑइल सील बघा. तिथून हवा ओढली की मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो.