दिवाळीच्या सुट्टीत अडीच आणि साडेचार वर्षांच्या मुलांकडून काय करून घ्यावं?

गोडोलीची_आई (सातारा)

नमस्कार. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी अडीचची. बालवाडीला सुट्टी लागलीय. मी दुपारी तीनला कामावरून येते, तोवर सासूबाई दोघांना सांभाळतात. संध्याकाळचा वेळ माझा.

काल हौसेनं आकाशकंदील करायला बसलो. राजवाड्याजवळून पतंगी कागद, काड्या, डिंक, सगळं आणलं होतं. पाऊण तासानं बघते तर कंदील मी एकटीच करतेय, मुलगा टीव्हीपुढे जाऊन बसलाय आणि धाकटी डिंकात बोट बुडवून चाटतेय. कंदील चांगला झाला. रात्री बाबांनी मुलाला विचारलं, "तू केलास?" तर म्हणाला, "नाही, आईनं केला." ते माझ्या मनाला फार लागलं.

सुट्टीनंतर शाळेत 'हाताने केलेली एक वस्तू' न्यायची आहे. गेल्या वर्षी प्रदर्शनात मांडलेल्या बहुतेक वस्तू आईवडिलांनीच केलेल्या होत्या, ते लांबूनही कळत होतं. मला तसं करायचं नाही. दोघांना एकत्र बसवता येईल, तोंडात गेलं तरी घाबरायला नको आणि पंधरा-वीस मिनिटांत आटपेल असं काही सुचवा.

मिरजेची_मावशी

मिठाची कणीक करून द्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि पाणी लागेल तसं, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. आमची नात पणत्या थापते, मग काडीनं टोचून टोचून नक्षी काढते. सावलीत तीन-चार दिवस वाळवा, रोज उलटी करा. जाड ठेवली तर तडकते. खारट लागल्यावर मुलं शक्यतो परत तोंडात घालत नाहीत, तरी लक्ष ठेवा, एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही. अशा पणतीत तेल-वात लावू नका, ती नुसती मांडायला.

प्रीतिसंगम (कराड)

ताई, साताऱ्यात राहून किल्ला कसा नाही सुचला? खिडकीतून अजिंक्यतारा दिसत असेल तुमच्या. चार विटा, एक जुनं पोतं, दोन घमेली माती. मोठ्याला माती कालवायला द्या, धाकटीला थापायला. तटबंदी आणि बुरूज तुम्ही करा, बाकी डोंगर त्यांचा. हळीव मात्र वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी टाका. ओला झाला की तो बुळबुळीत होऊन मातीला चिकटतो, त्यामुळे उतारावरून घसरत नाही. मोहरी घसरते. मावळे कुंभाराकडून आणा, पण छोटी चित्रं धाकटीच्या हाताला लागतील अशी ठेवू नका.

विश्रामबागच्या_बाई (सांगली)

मी चोवीस वर्षं बालवाडीत शिकवलं. तुमच्या मुलाचं "आईनं केला" वाचून थांबले. तो खरं बोलला. त्या कंदिलात त्याच्या हाताला काम नव्हतंच. काड्या बांधणं आणि कागद ताणून चिकटवणं ही दहा वर्षांच्या मुलाची कामं आहेत.

वस्तू कोणती करायची हे आधी ठरवू नका. हातांना काय येतं ते बघा. अडीच वर्षांच्या लेकराला फाडता येतं, थापता येतं आणि पंजाभर खळ फासता येते. साडेचारच्याला बोथट टोकाची कात्री चालवता येते, रेघेवर जमेलच असं नाही. ठसा उठवता येतो, चिकटवता येतं. म्हणजे धाकटी फाडेल आणि मोठा चिकटवेल. एवढी वाटणी केली की दोघं शेजारी बसतात.

फाडायला जुन्या लग्नपत्रिका काढा. प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतो. लाल, सोनेरी, जाड कागद, मुलांना फाडताना छान आवाज येतो. एका जुन्या पुठ्ठ्यावर तुम्ही पणतीचा बाह्याकार काढा, बस्स, तेवढंच तुमचं. आत तुकडे कसेही बसू देत. रेघेबाहेर गेले तर जाऊ देत. गणपतीचं चित्र असलेला कागद मात्र आधी बाजूला काढा, तो फाडताना आजीला वाईट वाटतं आणि मग घरात वाद होतो.

डिंक नको, खळ करा. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा आणि काचेसारखी झाक येईपर्यंत हलवायचं. गार करून द्या. चाटली तरी पेजच ती. दोन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करा. पूर्वी किडा लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. मुलांच्या खळीत तो अजिबात घालू नका, विष आहे.

दुसऱ्या दिवशी भेंडीचे ठसे. कोवळी नको, भाजीवाल्याकडे मागे राहिलेली निबर भेंडी मागा. देठाकडून दोन बोटं सोडून आडवी कापा आणि कापलेली बाजू फडक्यावर दहा मिनिटं पालथी ठेवा. हे दहा मिनिटांचं विसरलात तर बुळबुळीतपणामुळे ठसा पसरतो. रंग वाटीत देऊ नका, मुलं भेंडी बुडवून काढतात आणि नुसता डाग पडतो. बशीत ओल्या फडक्याची घडी ठेवून तिच्यावर रंग ओता. मुलाला दोनच शब्द सांगा: "टेकव, उचल." पहिल्या पाच-सहा वेळा तो घासणारच. सातव्यांदा पाच पाकळ्यांचं फूल उठतं, तेव्हा त्याचा चेहरा बघा. रंगाला दाट कालवलेली हळद आणि बिटाचा रस. बिटाचा रंग काही दिवसांत मातकट होतो, म्हणून शाळेत न्यायच्या कागदावर मोठ्याला गेरू द्या.

आणि हळदीचं गुपित. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या वर्गात तिचा रंग होता. अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे हळद कालवून चित्रकलेच्या वहीचा कागद रंगवा, वाळू द्या. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्यात कापसाचा बोळा बुडवून मुलाला रेघ ओढू द्या. पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. वर लिंबाचा थेंब टाकला की परत पिवळी. घरचं कुंकू हळदीपासून करायचे ते हळदीच्या याच गुणावर. अडीच वर्षांची मुलंसुद्धा श्वास रोखून बघतात. कपड्यावर पडली तर साबण लावल्यावर डाग लाल होतो, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाका, दोन-तीन उन्हांत बराच फिका पडतो.

आता जे करू नका ते. मणी, बटणं, थर्माकोलचे गोळे, टिकल्या: सव्वा इंचाच्या आतलं काहीही धाकटीपुढे नको. रांगोळीची पूड दगडाची असते, त्यांना तांदळाचं पीठ द्या. चमकी आणूच नका. एका दिवाळीला मी ती वर्गात वाटली. एका मुलीनं त्याच हातानं डोळा चोळला. डॉक्टरांनी डोळा धुऊन कण काढला, डोळा वाचला, पण तिच्या आईसमोर उभं राहताना माझे पाय कापत होते. त्यानंतर चमकीची पुडी माझ्या कपाटात कधी आली नाही.

गोडोलीची_आई (सातारा)

बाई, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. आजच करते. घरात सोडा नाही, सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना चालेल का? त्यानंही हळद लाल होते असं त्या म्हणाल्या.

विश्रामबागच्या_बाई (सांगली)

लाल होते, सासूबाईंचं बरोबर आहे. पण चुना नको! तो डोळ्यात गेला तर डोळा जळतो, कायमची इजा होऊ शकते. डबासुद्धा उंचावर ठेवायला सांगा. कुठं चुकून गेलाच तर लगेच नळाखाली पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं आणि तिथून थेट डॉक्टर. सोडा नसेल तर अंगाच्या साबणाचं पाणी घ्या, रेघ थोडी फिकी येते पण येते.

प्रीतिसंगम (कराड)

बाईंच्या यादीत एक माझं. पणतीत ठेवायचे ते सेलवरचे छोटे दिवे मुलांच्या हातात देऊ नका. आत बटणासारखा चपटा सेल असतो. तो गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, दोन तासांतसुद्धा. झाकणाला स्क्रू नसेल तर घेऊच नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा.

गोडोलीची_आई (सातारा)

चार दिवसांनी लिहितेय. पत्रिका फाडायचं काम धाकटीनं अर्धा तास केलं, मला वाटलं होतं पाच मिनिटांत उठेल. मुलानं पणती निम्मीच भरली आणि म्हणाला, "आता झाली." मी उरलेली भरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. ती तशीच आहे, वरचा भाग रिकामा. मी विचारलं तर म्हणाला, "तिथं उजेड आहे." शाळेत तीच जाणार. पाठीमागे त्याचं हे वाक्य मी पेन्सिलनं लिहून ठेवलंय.

हळदीच्या रेघेचे नऊ कागद झाले. लिंबं संपली.

प्रीतिसंगम दादा, किल्ला गॅलरीत केलाय. धाकटीनं हळीव शिंपडला नाही, सगळी मूठ एकाच जागी ओतली. आता एका कोपऱ्यात दाट झुबका आणि बाकी डोंगर उघडा. थोडा उपटून विरळ करू का?

प्रीतिसंगम (कराड)

राहू द्या तसाच. फक्त पाणी कमी करा, इतका दाट असला की बुरशी धरतो. सकाळी एकदा हातानं शिंपडलं तरी पुरे. उघड्या भागावर आज दुसरी मूठ तिच्याच हातात द्या, पाडव्यापर्यंत उगवेल.