संगणक टीव्हीला जोडण्यासाठी कोणती केबल घेतलीत? नाशिककरांनी अनुभव लिहावेत

संगणक किंवा लॅपटॉप टीव्हीला जोडायचा म्हटले की दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती मीटर देऊ?", आणि दुसरा, "साधी की भारी?" माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. संगणकाच्या कोणत्या पोर्टातून चित्र बाहेर पडणार, टीव्हीच्या कोणत्या पोर्टात ते शिरणार आणि पडद्यावर सिनेमा पाहायचा आहे की अक्षरे वाचायची आहेत, हे ठरल्याशिवाय केबल निवडताच येत नाही. म्हणून नुसती किंमत न लिहिता, अमुकच केबल का घेतली याचे कारण प्रत्येकाने लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

इंदिरानगर
माझे काम हिशेबाच्या तक्त्यांचे असल्यामुळे मी ४३ इंची ४के (आडव्या रेषेत सुमारे चार हजार ठिपके असलेला) टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरतो. माझ्या लॅपटॉपचे एचडीएमआय पोर्ट (चित्र आणि आवाज एकाच केबलने नेणारे) १.४ आवृत्तीचे आहे आणि त्यातून ४के चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ३० वेळा जाते, त्यामुळे माऊसचा बाण हाताच्या मागे रेंगाळत राहतो. मर्यादा पोर्टाची असल्याने कितीही भारी केबल लावली तरी त्यात फरक पडत नाही. त्याच लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टातून डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या पद्धतीचा चित्राचा सिग्नल निघतो, तो एचडीएमआय २.० मध्ये बदलणारा अडॅप्टर घेतला आणि ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे, मिळाली. तरीही तक्त्यातले लाल रंगातले तुटीचे आकडे कडांना फिसकटलेले दिसत होते. टीव्हीचे ते पोर्ट साध्या फॉरमॅटवर होते आणि त्यामुळे चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद जात होती. सिनेमात हे जाणवत नाही, बारीक अक्षरांत लगेच जाणवते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टाचा फॉरमॅट 'एन्हान्स्ड' केला, इनपुटचे नाव 'पीसी' ठेवले आणि आकडे स्वच्छ वाचता येऊ लागले.

पंचवटी
आमच्याकडे जुना डेस्कटॉप आहे आणि त्याला व्हीजीए व डीव्हीआय अशी दोनच पोर्टे आहेत. डीव्हीआयचा डिजिटल सिग्नल आणि एचडीएमआयचा चित्राचा सिग्नल एकाच पद्धतीचा असतो, म्हणून एका टोकाला डीव्हीआय आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली साधी केबल पुरली, कन्व्हर्टर लागला नाही. व्हीजीए मात्र अॅनालॉग असल्याने तेथे वीजपुरवठा लागणारा कन्व्हर्टर घ्यावाच लागला असता, आणि व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा कन्व्हर्टर उलट दिशेने चालत नाही, हेही खरेदीपूर्वी पाहावे. डीव्हीआयमधून आवाज येत नसल्याने ३.५ मिलिमीटरची ऑडिओ केबल टीव्हीला वेगळी जोडली, तेव्हा स्पीकरमधून सतत घरघर ऐकू येऊ लागली. वाड्यातले अर्थिंग जुने आहे. टीव्हीला लावलेली केबलवाल्यांची गोल वायर काढताच घरघर थांबली, म्हणजे दोष ऑडिओ केबलचा नसून दोन वाटांनी जोडल्या गेलेल्या अर्थिंगचा होता. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतले, हे केबलच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचे वाटले.

नाशिकरोड
मी ऑनलाइन शिकवणी घेते. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टातून चित्र जातेच असे नाही, लॅपटॉपच्या माहितीपत्रकात तशी सोय नमूद आहे का ते आधी पाहावे. मोबाइल चार्ज करण्याच्या बहुतेक साध्या सी-टू-सी केबलमध्ये चित्र वाहून नेणाऱ्या तारा नसतात, म्हणून टोक बसते म्हणजे काम होते असे धरून चालू नये.

मखमलाबाद
आमच्या सभागृहात द्राक्षबागायतदारांना छाटणी आणि फवारणीचे व्हिडिओ दाखवतो. व्यासपीठावरचा लॅपटॉप आणि भिंतीवरचा टीव्ही यांत, वायर पट्टीतून फिरवली तर, १५ मीटर अंतर पडते. एवढ्या लांबीच्या तांब्याच्या केबलवर ४के चित्र टिकत नव्हते. डिजिटल सिग्नल कमकुवत झाला तर रंग फिके पडत नाहीत, पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो, आणि आमच्याकडे दोन्ही होत असे. चित्र ४के ऐवजी १०८० (उभ्या दिशेने १०८० ओळी) वर आणले की तीच केबल नीट चालायची, कारण त्याला माहितीचा वेग बराच कमी लागतो. द्राक्षावरच्या डावणी या बुरशीजन्य रोगाचे पानामागचे पांढरे आवरण मागच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही स्पष्ट दिसावे अशी आमची इच्छा होती, म्हणून शेवटी आतून काचतंतू असलेली ऑप्टिकल एचडीएमआय केबल घेतली. तिच्या एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' छापलेले असते. पट्टीत ओढण्याआधी ती जमिनीवर पसरून, दोन्हीकडे जोडून, चित्र पाहून घ्यावे, कारण उलटी ओढली तर सगळी पुन्हा बाहेर काढावी लागते. काचतंतू असल्यामुळे कोपऱ्यावर तिला तीव्र घडीही घालता येत नाही.

गंगापूर रोड
मुलाला खेळांसाठी ४के १२० हर्ट्झ हवे होते. एम. जी. रोडवर केबल घेताना पाकिटावरच्या '२.१' या एचडीएमआय आवृत्तीच्या आकड्यापेक्षा 'अल्ट्रा हाय स्पीड' हे नाव आणि स्कॅन करून पडताळता येणारे लेबल पाहिले; या वर्गाची केबल सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंतच्या वेगासाठी तपासलेली असते. सोन्याचा मुलामा टोकाला गंज लागू देत नाही, चित्र सुधारत नाही, म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजले नाहीत. आमच्या टीव्हीच्या चार पोर्टांपैकी दोनच १२० हर्ट्झ घेतात आणि त्यातल्या एकावर साउंडबार जोडलेला आहे, म्हणजे खेळांसाठी एकच उरते, त्यामुळे ज्यांच्याकडे साउंडबार आहे त्यांनी टीव्ही भिंतीवर चढवण्यापूर्वीच मागच्या पोर्टांवरची अक्षरे वाचून ठेवावीत.