हिरड्यांसाठी लेसर करावं का? पुण्यातले अनुभव आणि सल्ला हवाय

कोथरूडची_लेक:
नमस्कार. आईचं वय ६१, शुगर आहे. खालचे पुढचे दोन दात हलायला लागलेत, ब्रश करताना रक्त येतं, हिरडी दाबली की पू दिसतो. जवळच्या डेंटिस्टांनी बघितल्या बघितल्या पायोरिया म्हणून लेसर सुचवलं. टाके नाहीत, दुखणार नाही म्हणे. आई फ्लॅप सर्जरीचं (हिरडी कापून, उघडून आतून साफ करायचं ऑपरेशन) नाव काढलं तरी घाबरते, म्हणून तिला ते पटलंय. खर्च बराच आहे. कुणी करून घेतलंय का?

हिरडीतज्ज्ञ:
ताई, मी हिरड्यांमध्येच एमडीएस केलंय. पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून झालेल्या फटी, किती खोल आहेत ते मोजलं का, हे आधी सांगा. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घालतात, एकेका दाताला सहा ठिकाणी, आणि आकडे लिहून ठेवतात. ३ पर्यंत ठीक. ४-५ असेल तर डीप क्लीनिंगने (हिरडीखाली मुळापर्यंत केलेली सफाई) बहुतेकदा भागतं. त्यानंतरही ६ किंवा जास्त राहिलं तर सर्जरीचा विषय. तो तक्ता आणि एक्स-रे हातात असल्याशिवाय कशालाच हो म्हणू नका.

आणि मशीन कुठलं ते विचारा. बहुतेक क्लिनिकांत डायोड लेसर असतो. तो मऊ हिरडीवर चालतो, मुळाला चिकटलेलं कीटण त्याने निघत नाही, ते स्केलरनेच खरवडावं लागतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१५ च्या सूचनांत पहिला मान डीप क्लीनिंगलाच आहे, सोबत नुसता डायोड लेसर मारायची शिफारस नाही. नेटवर 'लॅनॅप' दिसतं ते एनडी-याग लेसरचं निराळं तंत्र. दोन्ही एकच समजून पैसे भरू नका.

सहकारनगर_९:
आमच्या बाबांचं डेंटल कॉलेजात केलं. धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील, जे जवळ पडेल ते बघा. केसपेपर काढून 'पेरिओ', म्हणजे हिरड्यांच्या विभागात जायचं. पीजीचे विद्यार्थी करतात, सर येऊन तपासतात. वेळ जातो, पण खर्च खूपच कमी, आणि पॉकेटचा तक्ता पहिल्याच दिवशी भरला. बाबांना लेसर लागलंच नाही.

हिरडीतज्ज्ञ:
अजून एक. शुगरची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, करून घ्या. ती चढलेली असेल तर कुठलाही उपाय नीट भरून येत नाही. हिरड्या सुधारल्या की शुगरही थोडी उतरते. बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू आहे का? त्यानेही काहींच्या हिरड्या सुजतात. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, फिजिशियनना विचारा.

कोथरूडची_लेक:
अॅम्लोडिपिन चालू आहे! हे कुणीच विचारलं नव्हतं. पॉकेटही मोजले नाहीत. लेसरची अपॉइंटमेंट आत्ताच रद्द केली. एचबीए१सी करून मग धनकवडीला नेते. सळईने मोजताना फार दुखतं का? आई तेच विचारतेय.

हिरडीतज्ज्ञ:
सुजलेल्या जागी टोचल्यासारखं होतं, थोडं रक्त येतं. आधी सांगितलंत तर जेल लावून बधिर करतात. आणि डीप क्लीनिंग झाल्यावर दर तीन महिन्यांनी दाखवायला चुकू नका.