ओढा-सोडा की हाताने टॅग? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

नौपाडेकर: सोसायटीच्या वेबसाइटचं काम गळ्यात पडलंय. समिती म्हणते, ओढून-सोडून पान बनवणारं काहीतरी घ्या आणि मोकळे व्हा. माझा हात नोटपॅडकडे जातो, म्हणजे टॅग (पानाची रचना सांगणाऱ्या खुणा) स्वतः लिहायला. तुमचे अनुभव लिहा. पान कसं बनलं यापेक्षा पुढे दुरुस्तीला काय झालं, ते जास्त हवंय.

वाशीकर_जुना: आमच्या क्लासात फ्रंटपेज शिकवायचे, टॅग न लिहिता पानं बनवायचं सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये घेतलेलं, २००६ मध्ये गुंडाळलेलं. त्यातले काउंटर नि फॉर्म सर्व्हरवर त्याची एक्स्टेन्शन्स (जोड-प्रोग्राम) असतील तरच चालायचे, म्हणून होस्टिंग (साइट ठेवायची जागा) घेतानाच ते विचारून घ्यायचो. साध्या हातलिखित पानांना असले नखरे नव्हते. कुठेही टाका, उघडणार.

गोखलेरोडची_नणंद: वहिनीचा फराळाचा धंदा आहे. तिने स्वतः ओढून-सोडून साइट केली. चकलीचा भाव वाढला की दोन मिनिटांत बदलते, कुणाच्या पाया पडत नाही. तिला टॅग शिकवायला जाणाऱ्याने आधी भाजणी भाजून दाखवावी!

ऐरोलीचा_श्रोता: मला दिसत नाही, त्यामुळे ओढा-सोडावाल्यांच्या ‘दिसतं तसं मिळतं’ याचं मला काय? मी एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, पानं ऐकतो. एच दाबला की एका शीर्षकावरून पुढच्यावर जातो, पण ते खरं एच-टू (शीर्षकाचा टॅग) असेल तरच. संपादकात (पान बनवायच्या सॉफ्टवेअरात) नुसती अक्षरं मोठी आणि ठळक केली की डोळसांना शीर्षक दिसतं. मला मात्र सगळा मजकूर सलग ऐकत बसावं लागतं. पाणी कधी बंद, हे शोधायला अख्खी नोटीस ऐकायची! मराठी मजकुराच्या टॅगमध्ये लँग या भाषा सांगणाऱ्या गुणधर्मात एमआर (मराठी) लिहिलं, तर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी आवाज निवडता येतो. चांगल्या संपादकात शीर्षकाची पातळी निवडता येते हो, पण लोक अक्षरांचा आकारच वाढवतात.

खारघरचा_खडूस: वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा १९९० चा पहिला ब्राउझर संपादकही होता. तेव्हा हे भांडण आपण नंतर लावून घेतलंय. बाकी, नोटिसा डॉक्युमेंटमधून थेट चिकटवू नका, फालतू टॅगांचा कचरा सोबत येतो. आधी नोटपॅडमध्ये टाका, तिथे सगळं सोलून निघतं.

वाशीकर_जुना: नौपाडेकर, सचिव दर निवडणुकीला बदलतात ना तुमच्याकडे? मग नोटपॅडचा हट्ट सोडा. संपादकच घ्या, पण शीर्षकं ऐरोलीकर म्हणतात तशी लावून द्या. आणि डोमेन (साइटचं नाव) कोणाच्या ईमेलवर घेताय?

नौपाडेकर: माझ्याच. उद्या सोसायटीच्या नावाने करतो.