मदत हवी आहे: कॉस्टिकनं काळं पडलेलं बुलेटचं टायमिंग कव्हर

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, मानेवाड्याला राहतो. बाबांची १९८६ची ३५० बुलेट आहे, उजव्या पायाच्या गिअरची. इंजिनाची काही तक्रार नाही, प्रश्न कव्हरांचा आहे.

टायमिंग कव्हरवरचं (इंजिनाच्या उजव्या बाजूचं ॲल्युमिनियमचं झाकण) जुनं लॅकर पिवळं पडून पापुद्रे सुटत होते, खाली पांढरी भुकटी धरली होती. कुणीतरी सांगितलं, गरम पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून बुडवून ठेव, लॅकर आपोआप सुटतं. मी ठेवलं. लगेच पाणी फसफसायला लागलं. घाबरून चिमट्यानं बाहेर काढलं, पण सोडा टाकून उकळलेलं जर्मनचं पातेलं पडतं ना काळं, तसं अख्खं कव्हर झालं होतं. बाबा काही बोलले नाहीत. हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. मला ते फार लागलं.

तेव्हापासून रोज ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) घासतो आहे. काळेपणा गेला. पण खालच्या कडेला, जिथे चिखलपाणी साचतं, तिथे मोहरीएवढे खड्डे आहेत. बफिंगवाला म्हणतो, खड्डे जाईपर्यंत मशीनवर घेतो. मला भीती अशी की कडा गोल होतील, स्क्रूच्या भोकांभोवती धातू खचेल, आणि गॅस्केटची (कव्हर आणि इंजिनामधली तेल अडवणारी पातळ चकती) जागा बिघडली तर तेल गळत राहील. नवं क्रोमचं कव्हर विकत मिळतं, पण मला बाबांच्या गाडीचं हेच कव्हर हवं आहे.

खड्डे आर्गॉन वेल्डिंगनं भरावेत का? आणि वर पुन्हा लॅकर मारावं की उघडंच ठेवावं? दसऱ्याच्या पूजेला गाडी तयार हवी.

उत्तर
भाऊ, हातानं घासून राहिले ना, तेच बरोबर आहे. वेल्डिंग नका करू, पातळ कव्हर तापलं की वाकतं. खड्ड्यांच्या भागापुरता ३२० घ्या, मग ४००, ६००, ८००, १०००. प्रत्येक पेपर आधीच्या आडवा चालवा, जुने ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर नाही. खोल खड्डे राहू द्या. बफिंग शेवटी, मऊ कापडी चाकावर, गॅस्केटच्या जागेला टेप लावून. बसवण्याआधी आतला प्रत्येक कोपरा आणि तेलाची भोकं धुऊन काढा, पेपरची रेती तेलात गेली तर बेअरिंग खाते. लॅकर या दमट हवेत मारलं तर दुधाळ होतं, आणि पुढे एखादा टवका उडाला की त्यातून ओल आत शिरून पुन्हा तीच भुकटी. उघडं ठेवा, महिन्यातून एकदा मेटल पॉलिश आणि वरून मेण.

धागाकर्ता
खूप आभार, भाऊ. काल ६००पर्यंत आलो. बाबांनी कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "इथे अजून एक हात मार." आता डावीकडचं प्रायमरी कव्हर उघडणार आहे. त्याचं लॅकर नुसत्या थिनरनं निघेल, की पेंट रिमूव्हरच लागेल?